तोडलेल्या खोडाचा धुमारा

जेरुसलेमच्या जुन्या शहराच्या पूर्वेला, जैतुनांच्या डोंगराच्या पायथ्याशी गेथशेमाने नावाची बाग आहे. बाग म्हणायला लहानशीच. चर्चच्या शेजारी, कुंपणाआड जैतुनाची आठ जुनी झाडे. बुंधे माणसाच्या कवेत न मावणारे, पिळवटलेले, गाठीगाठींचे आणि आतून पोकळ. नुसता बुंधा पाहिला तर वाटते, हे झाड कधीच वाळून गेले असणार. नजर वर नेली की रुपेरी-हिरव्या पानांचा शेंडा दिसतो.

क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री येशूने इथे प्रार्थना केली, असे शुभवर्तमाने सांगतात. गेथशेमाने या नावाचा अर्थच तेलाचा घाणा. इटलीतल्या शास्त्रज्ञांनी या झाडांचा अभ्यास करून २०१२ साली निष्कर्ष जाहीर केले. तीन झाडांच्या खोडांतले लाकूड साधारण १०९२, ११६६ आणि ११९८ या सालांचे निघाले. बाकीची खोडे इतकी पोकळ, की वय काढण्याजोगे जुने लाकूडच उरले नव्हते. आठही झाडे एकाच झाडाच्या फांद्यांपासून वाढवलेली असल्याचे जनुकीय तपासणीत दिसले. हे वय जमिनीवरच्या खोडाचे आहे, मुळांचे नव्हे. इसवी सन ७० मध्ये रोमन सेनापती टायटसने जेरुसलेमला वेढा घातला, तेव्हा शहराभोवतीची झाडे सरसकट तोडली गेली, असे इतिहासकार जोसिफस लिहितो. पण जैतुनाचे झाड तोडले म्हणून मरत नाही. खोड गेले तरी मुळातून धुमारे येतात.

ख्रिस्ती शास्त्रातली झाडे समजून घ्यायची तर सुरुवात या मुळापासून करावी. पवित्र शास्त्राच्या पहिल्या पानांपासून शेवटच्या पानापर्यंत झाडे उभी आहेत, आणि त्यांच्या आधाराने एकच आशा पुन्हा पुन्हा बोलून दाखवलेली आहे. कुऱ्हाड चालली म्हणून सगळे संपले असे नाही.

एदेनची वाट

उत्पत्तीच्या पुस्तकात देव माणसाला बागेत ठेवतो ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. बागेत दोन झाडांना नाव आहे. एक जीवनाचे झाड, दुसरे बऱ्यावाइटाच्या ज्ञानाचे. दुसऱ्या झाडाचे फळ खायचे नाही, एवढीच मनाई. आदाम आणि हव्वा ते खातात. ते फळ सफरचंद होते असे आपण चित्रांतून शिकलो, पण शास्त्रात फळाचे नाव नाही. लॅटिन भाषेत 'वाईट' आणि 'सफरचंद' हे शब्द जवळजवळ सारखे आहेत, त्याचा या समजुतीला हातभार लागला असावा. मजकुरात नाव येते ते अंजिराचे, कारण उघडे पडलेले दोघे अंजिराचीच पाने शिवून अंग झाकतात.

मग दोघांना बागेबाहेर काढले जाते, आणि जीवनाच्या झाडाकडे जाणाऱ्या वाटेवर देवदूतांचा आणि आगीच्या तलवारीचा पहारा बसतो. झाड तोडलेले नाही, फक्त वाट बंद झाली आहे. ख्रिस्ती वाचक पुढचे सगळे शास्त्र त्या वाटेचा शोध म्हणूनच वाचतात. शेवटच्या, प्रकटीकरणाच्या पुस्तकात ती वाट उघडते. तिथे एक नगरी आहे, तिच्या वेशी कधीच बंद होत नाहीत. मधून नदी वाहते आणि काठावर तेच जीवनाचे झाड आहे. ते वर्षातून बारा वेळा, दर महिन्याला फळते, आणि त्याची पाने राष्ट्रांच्या जखमा बऱ्या करण्यासाठी आहेत.

वंशवृक्षाचा खुंट

या दोन टोकांच्या मध्ये मात्र बरीच तोडणी आहे. राखेत बसलेला ईयोब देवापाशी गाऱ्हाणे मांडतो, की झाडाचे माणसापेक्षा बरे. ते तोडले, त्याची मुळे मातीत जुनी झाली, तरी पाण्याची चाहूल लागताच ते रोपासारखे फुटते. माणूस एकदा गेला की गेला. ईयोबाचा हा दुखरा प्रश्न तिथे तसाच राहतो.

यशया संदेष्टा त्याच प्रतिमेला वेगळे वळण देतो. त्याच्या दहाव्या अध्यायाचा शेवट लबानोनाचे उंच रान कुऱ्हाडीने आडवे होण्याच्या चित्राने होतो. पान उलटले की अकरावा अध्याय सुरू होतो तो इशायाच्या खुंटाला फुटलेल्या धुमाऱ्याने. इशाय म्हणजे दावीद राजाचा बाप. दावीदाचे घराणे पुढे खरोखरच तोडले गेले. बाबिलोनच्या सैन्याने इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात जेरुसलेम जाळले आणि गादी संपली. उरला तो खुंट. त्या खुंटाचा धुमारा म्हणजे येशू, असे ख्रिस्ती श्रद्धा मानते.

फ्रान्समधल्या शार्त्र इथल्या कॅथेड्रलमध्ये बाराव्या शतकातली एक रंगीत काचेची खिडकी आहे. तळाशी इशाय आडवा झोपला आहे, त्याच्या अंगातून झाड उगवले आहे, फांद्यांमध्ये एकावर एक राजे बसले आहेत, त्यांच्या वर येशूची आई मरिया आणि सगळ्यांत वर ख्रिस्त. आपण मराठीत वंशवृक्ष म्हणतो, तो शब्दच तिथे निळ्या-लाल उजेडात उभा आहे.

झाड आणि लाकूड

मराठीत उभे असते तोवर झाड, तोडले की लाकूड. नव्या कराराच्या ग्रीक भाषेत मात्र 'क्सिलोन' हा एकच शब्द दोन्हींना चालतो. वनस्पतिशास्त्रात मुळांतले पाणी वर पोचवणाऱ्या ऊतीला 'झायलेम' म्हणतात, तो शब्द याच ग्रीक शब्दावरून घडला. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात एदेनमधल्या जीवनाच्या झाडाला हाच शब्द आहे. प्रकटीकरणातल्या झाडालाही हाच. आणि येशूला ज्यावर खिळले त्या क्रुसाबद्दल बोलताना पेत्र आणि पौल हे प्रेषित हाच शब्द वापरतात.

ग्रीक वाचणाऱ्याच्या कानात म्हणून एका वेळी दोन सूर वाजत. एक शापाचा, कारण झाडावर टांगलेला माणूस शापित, असे मोशेचे नियमशास्त्र सांगते. दुसरा एदेनचा. जिथे मरण आत आले, तिथूनच जीवन आत यावे, हा ख्रिस्ती विश्वासाचा गाभा या एका शब्दात सामावला आहे. उत्तम शुक्रवारी कॅथलिक चर्चमध्ये क्रूस उंचावून दाखवतात, तेव्हा त्याला क्रुसाचे लाकूड म्हणूनच पुकारतात. मध्ययुगात यातून एक आख्यायिका वाढली. आदाम मरतो तेव्हा त्याचा मुलगा शेथ एदेनमधल्या झाडाचा अंश आणून बापाच्या कबरीवर लावतो, त्याचे झाड होते, आणि पिढ्यान्‌पिढ्यांनंतर त्याच लाकडाचा क्रूस होतो. ही गोष्ट शास्त्रात नाही. पण लोकांच्या मनाने दोन झाडे कशी जोडली, ते ती दाखवते.

रोममधल्या सान क्लेमेन्ते चर्चमध्ये वेदीच्या मागच्या अर्धगोल छतावर बाराव्या शतकातले मोझेक आहे. सोनेरी पार्श्वभूमीवर मधोमध क्रूस आणि त्यावर बसलेली बारा पांढरी कबुतरे. क्रुसाच्या पायथ्याशी हिरव्या पानांचे एक गच्च झुडूप, आणि त्यातून निघालेली वेल वळणावर वळण घेत सगळे छत व्यापून टाकते. तिच्या वळणांत फुले आहेत, पाखरे आहेत, माणसे आहेत. खाली मेंढपाळ आहेत, कोंबड्यांना दाणे टाकणारी बाई आहे, झऱ्याचे पाणी पिणारी हरणे आहेत. नियमाने वाळलेली वेल क्रुसाने हिरवी झाली, अशा अर्थाचा लेख तिथे लिहिला आहे. वध करण्यासाठी ठोकलेल्या लाकडाला पालवी फुटली आहे, आणि कोंबड्यांना दाणे टाकणारी बाईसुद्धा तिच्या सावलीत आली आहे.

उंबर, बाभूळ आणि झावळी

ही झाडे मराठी शास्त्रात वाचताना परकी वाटत नाहीत. यरीहो गावचा जक्कय हा जकातदार बुटका. गर्दीतून येशू दिसेना, म्हणून तो झाडावर चढला. मराठी भाषांतरात ते उंबराचे झाड आहे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते आपल्या उंबराचे चुलत भावंड. त्यालाही तशीच खोडाला लगडून फळे येतात. लोक ज्याला पापी म्हणत, त्याला येशूने उंबरावरून खाली बोलावले आणि त्याच्याच घरी मुक्काम केला.

देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेला कराराचा कोश मराठीत बाभळीच्या लाकडाचा आहे. सिनायच्या वाळवंटात बाभळीच्या जातीचीच झाडे टिकाऊ लाकूड देत. ज्या जातीच्या लाकडाची आपल्याकडे औते आणि गाडीची चाके झाली, त्याच जातीच्या लाकडात वाळवंटात भटकणाऱ्या इस्राएली लोकांनी आपली सर्वांत पवित्र वस्तू ठेवली. लबानोनाचा सुगंधी गंधसरू पुढे शलमोनाच्या मंदिराला लागला.

आणि झावळ्यांचा रविवार. जेरुसलेमच्या लोकांनी खजुराच्या फांद्या घेऊन येशूचे स्वागत केले. वसईत आणि गोव्यात त्यांच्या जागी नारळाची झावळी येते, रशियात विलोची डहाळी, इटलीत जैतुनाची. आशीर्वादित पातींचे लहान क्रूस विणून लोक घरी नेतात. त्या जुन्या, वाळक्या पाती जाळून पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारची राख करतात आणि ती कपाळावर लावतात. जयजयकाराची हिरवी पात वर्षभरात राख होते, आणि त्या राखेपासूनच पुन्हा ईस्टरकडे चालायला सुरुवात होते.

माळ्याची विनवणी

प्रतीक जपायचे तर झाडही जपावे लागते. इथिओपियाच्या उत्तरेकडच्या उघड्या, नांगरलेल्या पठारावर हिरवे ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपक्याच्या मधोमध एक गोल चर्च. भोवतीचे रान म्हणजे चर्चचे वस्त्र, असे तिथले ऑर्थोडॉक्स भाविक मानतात. आपल्या देवराया ज्या भावनेने टिकल्या, त्याच भावनेने ही राने शतकानुशतके टिकली. आलेमायेहू वासी हे इथिओपियन परिसंस्थातज्ज्ञ पाद्र्यांना सोबत घेऊन या रानांभोवती दगडी गडगे घालत आहेत, म्हणजे गुरे आत शिरणार नाहीत आणि नवी रोपे तगतील. आपल्याकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी वसईची हिरवाई वाचवण्यासाठी लोकांना उभे केले, ते याच श्रद्धेपोटी.

येशूने सांगितलेला एक दृष्टांत मला या सगळ्याच्या मुळाशी दिसतो. मालक तीन वर्षे अंजिराच्या झाडाकडे फळ पाहायला येतो, मिळत नाही. चौथ्या खेपेची वाट न पाहता तो माळ्याला म्हणतो, तोडून टाक, जागा कशाला अडवते. माळी विनवतो, मालक, एवढे एक वर्ष राहू द्या. मी भोवती खणतो, खत घालतो. मग बघा.

पुढे त्या झाडाला फळ आले की नाही, ते येशू सांगत नाही. दृष्टांत तिथेच थांबतो, माळ्याच्या हातात कुदळ असताना. पण योहानाच्या शुभवर्तमानात पुनरुत्थानाच्या पहाटे कबरीजवळच्या बागेत मरिया मग्दालिया रडत उभी आहे. मागे कुणाची तरी चाहूल लागते. ती वळून बघते आणि तिला वाटते, हा बागेचा माळी असावा.