घरगुती बागेतील कचऱ्यासाठी उष्णतारोधक कंपोस्ट पेटीची निवड

प्रस्तावना :
बागेतील पालापाचोळा, गवत व छाटणीचा कचरा जाळण्याऐवजी त्याचे खत करणे पर्यावरणदृष्ट्या इष्ट ठरते. सर अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी १९३१ च्या ग्रंथात मांडलेली इंदूर पद्धत मोठ्या ढिगांवर आधारित होती. घरी मात्र ढीग लहान असतो व त्यातूनच उष्णतारोधक पेटीचा प्रश्न उद्भवतो.

उष्णतेचे कार्य :
विघटनाच्या वेळी सूक्ष्मजीव उष्णता मुक्त करतात. सुमारे ४० अंश सेल्सिअसनंतर उष्णताप्रिय जीवाणू प्रबळ होतात. ५५ अंशांहून अधिक तापमान काही दिवस टिकल्यास बहुतेक रोगजंतू व तणांचे बी निष्प्रभ होते. १ मीटर बाजूच्या घनाकृती ढिगात प्रत्येक घनमीटरमागे ६ चौरस मीटर पृष्ठभाग असतो. ३० सेंटिमीटर बाजूच्या ढिगात तो २० चौरस मीटर होतो. म्हणजेच लहान ढिगाला उष्णता गमावण्यास तिपटीहून अधिक वाव मिळतो. रोधक भिंत ही हानी कमी करते. ती स्वतः उष्णता निर्माण करीत नाही.

निवडीचे निकष :
१) भिंत : फोमचा थर दोन आवरणांमध्ये बंदिस्त असावा. रोधकात पाणी शिरल्यास त्याची रोधकता घटते.
२) वायुवीजन : तळाशी हवा येण्यास व वर बाहेर पडण्यास छिद्रे हवीत. हवेअभावी विघटन विनॉक्सी होऊन दुर्गंधी सुटते.
३) निचरा : जादा पाणी बाहेर जाण्याची सोय हवी, ओलावा ५० ते ६० टक्के असावा.
४) रचना : झाकण घट्ट बसणारे व खत काढण्याचे दार तळाशी असावे.

मर्यादा :
कार्बन व नत्राचे प्रमाण सुमारे ३० : १ नसल्यास महागडी पेटीही उपयोगी पडत नाही. केवळ वाळलेली पाने भरल्यास ती तापत नाही. त्यात हिरवे गवत वा शेण मिसळावे लागते.

निष्कर्ष :
स्वीडनसारख्या देशांत हिवाळ्यात प्रक्रिया चालू ठेवण्यासाठी उष्णतारोधन मोलाचे ठरते. महाराष्ट्राच्या बहुतांश भागात मात्र हवामानच उबदार असल्याने, जागा उपलब्ध असल्यास विटांचा १ मीटरचा जाळीदार हौद पुरेसा होतो. जागा अपुरी असेल किंवा रोगट झाडे व बी धरलेले तण त्यात टाकायचे असेल, तरच उष्णतारोधक पेटीवरील खर्च समर्थनीय ठरतो.