कुस्ती महासंघ : आखाड्याचा पाठिंबा आणि मतपेटीचे गणित

भारतीय कुस्ती महासंघाच्या २१ डिसेंबर २०२३ रोजी झालेल्या निवडणुकीत अध्यक्षपदासाठी संजय सिंह यांना ४० मते मिळाली, तर राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेतील सुवर्णपदक विजेत्या अनिता श्योराण यांना अवघी ७ मते मिळाली. त्याच वर्षी दिल्लीतील जंतरमंतरवर आंदोलन करणाऱ्या कुस्तीगिरांना अनेक राज्यांतून लाभलेला पाठिंबा पाहता, हा निकाल अनेकांना अनपेक्षित वाटला. मात्र महासंघात मताधिकार कोणाला असतो, हे लक्षात घेतल्यास या निकालाचा उलगडा होतो.

मतदार कोण?

आखाड्यात घाम गाळणारा कुस्तीगीर, त्याला घडविणारा वस्ताद किंवा मुलाच्या खुराकासाठी पदरमोड करणारे पालक यांपैकी कोणालाही महासंघाच्या निवडणुकीत थेट मत नसते. महासंघाशी संलग्न राज्य संघटना प्रत्येकी दोन प्रतिनिधी पाठवितात आणि हे प्रतिनिधीच पदाधिकारी निवडतात. उमेदवारालाही कोणत्या तरी राज्य संघटनेचे प्रतिनिधित्व मिळवावे लागते. श्योराण या मूळच्या हरियाणाच्या. परंतु त्यांनी ही निवडणूक ओडिशाच्या प्रतिनिधी म्हणून लढविली.

दुसरीकडे राज्य संघटनांचे अस्तित्वही महासंघाच्या मान्यतेवर अवलंबून असते. राष्ट्रीय स्पर्धेत राज्याचा संघ कोणी उतरवायचा, हे या मान्यतेवरूनच ठरते. त्यामुळे मतदार पदाधिकाऱ्यांना निवडतात आणि तेच पदाधिकारी मतदारांना मान्यता देतात, अशी परस्परावलंबी रचना तयार होते. ज्यांच्या हाती मान्यतेची किल्ली असते, त्यांना मतांची बेरीज सोपी जाते.

महाराष्ट्राचा अनुभव

या अधिकाराचा प्रत्यय महाराष्ट्रालाही आला. शरद पवार दीर्घकाळ अध्यक्ष असलेली महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद महासंघाने जून २०२२ मध्ये बरखास्त केली. त्यानंतर राज्यात दोन गट उभे राहिले आणि वाद न्यायालयात गेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये पुणे जिल्ह्यातील फुलगाव आणि धाराशिव अशा दोन ठिकाणी 'महाराष्ट्र केसरी' स्पर्धा झाल्या. खेळाडूंच्या सरकारी नोकरभरतीत स्पर्धेच्या प्रमाणपत्राला मोल असल्याने, कोणती स्पर्धा अधिकृत हा प्रश्न गावोगावच्या मल्लांसाठी भाकरीचा ठरतो.

वास्तविक भारतीय कुस्ती लोकाश्रयावरच वाढली आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव यांच्या प्रवासखर्चासाठी गावकऱ्यांनी वर्गणी गोळा केली होती, तर कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले होते. हा लोकाश्रय खेळाडूला ऑलिम्पिकपर्यंत नेऊ शकतो. महासंघाच्या मतदार यादीत मात्र त्याला स्थान नाही.

आंदोलन आणि त्याचे पडसाद

विनेश फोगाट, साक्षी मलिक आणि बजरंग पुनिया यांनी १८ जानेवारी २०२३ रोजी आंदोलन सुरू केले. महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष आणि खासदार बृजभूषण शरण सिंह यांच्यावर महिला कुस्तीगिरांच्या लैंगिक छळाचे आरोप करण्यात आले. सिंह यांनी ते फेटाळले. मेरी कोम यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती नेमण्यात आली. तथापि समाधान न झाल्याने २३ एप्रिलपासून आंदोलन पुन्हा सुरू झाले. खाप पंचायती आणि शेतकरी संघटना कुस्तीगिरांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. ३० मे रोजी पदके गंगेत विसर्जित करण्यासाठी हरिद्वारला गेलेल्या खेळाडूंची शेतकरी नेते नरेश टिकैत यांनी समजूत काढली. पुढे मे २०२४ मध्ये दिल्लीतील न्यायालयाने सिंह यांच्यावर आरोप निश्चित केले. अल्पवयीन कुस्तीगिराच्या तक्रारीवरील स्वतंत्र प्रकरण मे २०२५ मध्ये बंद करण्यात आले.

महासंघाची निवडणूक मात्र वारंवार लांबत गेली. आसामच्या संघटनेच्या याचिकेवर गुवाहाटी उच्च न्यायालयाने, तर हरियाणातील संघटनेच्या याचिकेवर पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने निवडणुकीला स्थगिती दिली. संलग्नता आणि मतदानाचा हक्क कोणाचा, हाच या वादांचा गाभा होता. मुदतीत निवडणूक न झाल्याने युनायटेड वर्ल्ड रेसलिंग या जागतिक संघटनेने ऑगस्ट २०२३ मध्ये महासंघाला निलंबित केले. परिणामी, सप्टेंबरमध्ये बेलग्रेड येथील जागतिक स्पर्धेत भारतीय मल्लांना राष्ट्रध्वजाविना उतरावे लागले. अंतिम पंघाल हिने कांस्यपदक मिळविले, तेही याच परिस्थितीत.

डिसेंबरमधील निकालानंतर साक्षी मलिक यांनी निवृत्ती जाहीर केली. त्यानंतर तीनच दिवसांनी क्रीडा मंत्रालयाने नव्या कार्यकारिणीला निलंबित केले. कनिष्ठ गटाच्या राष्ट्रीय स्पर्धा घाईने जाहीर केल्याचे कारण त्यासाठी देण्यात आले. जागतिक संघटनेने फेब्रुवारी २०२४ मध्ये, तर मंत्रालयाने मार्च २०२५ मध्ये निलंबन मागे घेतले.

तळागाळातील मतही एकसंध नव्हते. ३ जानेवारी २०२४ रोजी शेकडो कनिष्ठ कुस्तीगीर जंतरमंतरवर जमले आणि स्पर्धा व शिबिरे बंद राहिल्याने आपले वर्ष वाया गेल्याचा दोष त्यांनी ज्येष्ठ आंदोलकांना दिला. वयोगटाच्या स्पर्धेत एक वर्ष हुकले, तर ती संधी पुन्हा मिळत नाही. न्याय मागणाऱ्या महिला कुस्तीगीर आणि स्पर्धेची वाट पाहणारे कनिष्ठ मल्ल या दोघांचीही गाऱ्हाणी खरी होती. ती मांडण्यासाठी महासंघात आपले म्हणता येईल असे व्यासपीठ नसल्याने दोघांनाही रस्ता गाठावा लागला.

नव्या कायद्याने काय बदलेल?

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन विधेयक मंजूर केले. राष्ट्रीय क्रीडा मंडळ, वाद निवारणासाठी क्रीडा न्यायाधिकरण आणि निवडणुकांवर देखरेख करणारे स्वतंत्र पॅनेल यांची तरतूद या कायद्यात आहे. महासंघाच्या कार्यकारी समितीत कमाल १५ सदस्य असतील. त्यांत किमान चार महिला आणि किमान दोन नामांकित खेळाडू असणे बंधनकारक आहे. खेळाडूंची स्वतंत्र समितीही स्थापन करावी लागणार आहे.

या तरतुदींमुळे खेळाडूंचा आवाज कार्यकारिणीच्या बैठकीपर्यंत पोहोचू शकेल. मात्र मतदानाचा पाया राज्य संघटना हाच राहणार असल्याने, जिल्हा आणि राज्य पातळीवरील संघटनांच्या निवडणुका किती खुलेपणाने होतात, यावरच तालमीतील मल्लाचे म्हणणे दिल्लीपर्यंत पोहोचणे अवलंबून राहील.