मोल्टनचे प्रार्थनामंदिर

इंग्लंडच्या नॉर्थॅम्प्टनशर परगण्यात मोल्टन हे एक खेडे आहे. तेथील बाप्टिस्ट पंथीयांच्या लहानशा प्रार्थनामंदिराचा आपल्या मराठी भाषेशी जवळचा संबंध आहे, हे वाचून तुम्हांस नवल वाटेल.

बाप्तिस्मा तान्ह्या मुलांस न देता, समजून-उमजून श्रद्धा स्वीकारणाऱ्यासच द्यावा, असे बाप्टिस्ट लोक मानतात. इंग्लंडच्या राजमान्य चर्चपासून ते वेगळे झाले. १६८९ च्या कायद्याने त्यांस उपासनेची मोकळीक मिळाली. परंतु सरकारी अधिकारपदे १८२८ पर्यंत त्यांस कायद्याने बंदच होती. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या पदव्याही त्यांस मिळत नसत. म्हणून ही साधी मंदिरेच त्यांची विद्यालये बनली.

१७८५ साली विल्यम कॅरे हा तरुण मोल्टनला आला. मंडळी गरीब, वेतन तुटपुंजे! म्हणून तो उपदेशकाच्या कामाबरोबरच शाळा चालवी आणि जोडेही शिवी. कागद चिकटवून केलेला जगाचा मोठा नकाशा त्याने आपल्या कामाच्या जागी टांगला होता. हातात आरी आणि दृष्टी नकाशावर, असा त्याचा दिनक्रम असे. लॅटिन, ग्रीक, हिब्रू या भाषा त्याने बहुतांशी स्वतःच्या कष्टाने आत्मसात केल्या.

१७८९ मध्ये त्याने मोल्टन सोडले. १७९२ साली केटरिंग येथे धर्मप्रसारासाठी संस्था स्थापन झाली, तेव्हा जमलेली वर्गणी अवघी १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स होती! पुढच्याच वर्षी कॅरे बंगालमध्ये आला. १८०० पासून हुगळीकाठचे श्रीरामपूर ही त्याची कर्मभूमी झाली. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात तो मराठीही शिकवू लागला. पंडित वैजनाथशास्त्री यांच्या साहाय्याने त्याने १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. १८१२ साली छापखान्यास आग लागून अनेक हस्तलिखिते भस्मसात झाली. तरीही न खचता त्याने पुन्हा कामास प्रारंभ केला.

कॅरे धर्मप्रसारासाठी आला होता, हे खरे. त्याची मते सर्वांस पटतील असे नाही. परंतु मराठीच्या आरंभीच्या मुद्रित ग्रंथांत त्याच्या ग्रंथांचे स्थान अढळ आहे, आणि त्यांमागील वैजनाथशास्त्र्यांचे श्रमही विसरून चालणार नाहीत. विद्यापीठाचे दार बंद असले, तरी विद्येचे दार बंद होत नाही, हेच मोल्टनचे ते लहानसे मंदिर आपणांस सांगते.