स्मृतिभ्रंशातील भाषा-आकलनाच्या अडचणी

स्मृतिभ्रंशातील भाषा-आकलनाच्या अडचणी म्हणजे ऐकलेल्या वा वाचलेल्या भाषेचा अर्थ लावण्याची क्षमता मेंदूच्या आजारामुळे क्रमाक्रमाने क्षीण होणे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय अभ्यासानुसार भारतातील साठ वर्षे व त्यावरील वयाच्या सुमारे ७.४ टक्के व्यक्तींना स्मृतिभ्रंश असावा; ग्रामीण भागात हे प्रमाण शहरांपेक्षा अधिक आढळले.

स्वरूप

अल्झायमरच्या आजारात आरंभी उच्चार व वाक्यरचना बहुधा शाबूत राहतात. रुग्ण मान डोलावतो, ‘हो, हो’ म्हणतो; त्यामुळे त्याला सारे समजले असा घरच्यांचा ग्रह होतो आणि पुढे न समजण्यालाच हट्ट म्हटले जाते. शब्दार्थ स्मृतिभ्रंश या प्रकारात तर शब्दाचा अर्थच पुसला जातो. ‘अडकित्ता’ हा शब्द रुग्ण स्पष्ट उच्चारतो आणि ‘अडकित्ता म्हणजे काय?’ असे विचारतो. ‘त्याने हात वर केले’ यासारखा वाक्प्रचार शब्दशः घेतला जाण्याचा संभव असतो.

मराठी वाक्यरचना

मराठीत क्रियापद सामान्यतः वाक्याच्या शेवटी येते, नकारही तेथेच. ‘जेवण झाल्यावर कपाटातली पांढरी गोळी आज घेऊ नका’ हे वाक्य कळण्यासाठी अखेरच्या शब्दापर्यंत आधीचे सर्व शब्द मनात धरून ठेवावे लागतात, आणि अल्पकालीन स्मृती तर आधीच दुबळी झालेली असते. अशा वेळी ‘नको’ निसटले तर नको असलेलीच गोळी पोटात जाते. म्हणून एका वाक्यात एकच गोष्ट सांगावी, वस्तू हातात दाखवावी, ‘ते’, ‘तिकडे’ याऐवजी नाव घ्यावे. आवाज चढवून उपयोग होत नाही.

स्थळनामे व चाचणी

जुन्या स्मृती तुलनेने उशिरा जातात. अहमदनगर जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. मात्र जन्मभर ‘नगर’ म्हणत आलेल्या रुग्णाला नवे नाव अनोळखी वाटू शकते. चाचणीत जिल्हा विचारल्यावर ‘नगर’ हे उत्तर चूक धरणे अन्यायाचे होईल.

चित्रपटात

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या मराठी चित्रपटात मोहन आगाशे यांनी अल्झायमर झालेल्या संस्कृत पंडिताची भूमिका केली आहे. माहुताच्या कानडी बोलणाऱ्या पत्नीशी त्याचे जे नाते जुळते, ते शब्दांवाचून जुळते.

इतर कारणे

ऐकू कमी येणे किंवा कानात मळ साचणे यांमुळेही असेच चित्र दिसते. म्हणून श्रवणतपासणी आधी करावी. आकलन काही तासांत वा दिवसांत एकाएकी ढासळले, तर पक्षाघात किंवा जंतुसंसर्ग यांची शक्यता असते. अशा वेळी रुग्णास तातडीने रुग्णालयात न्यावे.