विज्ञानाची डॉक्टरेट आणि प्राध्यापकीबाहेरची वाट

आपल्या समाजात पीएच.डी. म्हटले की पुढचा शब्द ‘प्राध्यापक’ हाच येतो. रसायनशास्त्रात प्रबंध लिहिलेला आपला तरुण तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे राबतो. दुसरी वाट त्याला कोणी सांगत नाही, कारण सांगणारे आम्ही सगळे प्राध्यापकच!

जागांचे वास्तव काय आहे? 2017 साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने विद्यापीठाऐवजी विभाग हा आरक्षणाचा घटक मानला आणि 5 मार्च 2018 रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने तसे परिपत्रक काढले. त्या बिंदुनामावलीत अनुसूचित जातीचा बिंदू सातवा. तीन जागांच्या विभागात तो उगवणार कधी? आंदोलने झाली, 2019 साली केंद्राला कायदा करावा लागला. पण कायद्याने बिंदू परत मिळाला, भरतीची जाहिरात नव्हे. शिवाय जुलै 2023 पासून सहायक प्राध्यापकपदासाठी नेट, सेट हीच किमान पात्रता ठरून पीएच.डी. ऐच्छिक झाली.

मला येथे एकाच वाटेविषयी लिहायचे आहे : पेटंटचे काम. शोध खरोखर नवा आहे काय, हे जुने वाङ्मय धुंडाळून ठरवणे हा त्याचा गाभा, आणि संशोधकाने पाच वर्षे तेच केलेले असते. 1970 च्या पेटंट कायद्याच्या कलम 126 नुसार विज्ञानाचा पदवीधर परीक्षा देऊन पेटंट एजंट होऊ शकतो. वकिलीची पदवी लागत नाही. एक प्रश्नपत्रिका कायद्याची, दुसरी शोधाचा मसुदा करण्याची, मग तोंडी परीक्षा. ती दरवर्षी होतेच असे नाही. दुसरा मार्ग पेटंट कार्यालयातील परीक्षकाचा. ते केंद्र सरकारचे राजपत्रित पद आहे, म्हणून तेथे आरक्षण आहे आणि वयात पाच वर्षांची सवलतही. खाजगी कचेऱ्यांत आरक्षण नाही. तेथे ओळखीपाळखी आणि इंग्रजीचा तोरा चालतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

“मग समाजाचे काय?” असे कार्यकर्ते विचारतील. हळदीचे उदाहरण घ्या. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट 1995 साली अमेरिकेत एका विद्यापीठाला मिळाले. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने हरकत घेतली आणि 1997 साली ते रद्द झाले. कशाच्या बळावर? छापील पुराव्याच्या. आजीची साक्ष तेथे चालली नाही. संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथ चालले. आता विचार करा : हिरडा, बाभळीची साल, तरवड वापरून कातडे कमावण्याची विद्या ढोरवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या हातात राहिली. ज्यांना अक्षरच नाकारले त्यांनी ग्रंथ कोठून आणावेत? पारंपरिक ज्ञानावर पेटंट देऊ नये असे आपला कायदा म्हणतो, पण ते ज्ञान आधीपासून होते हे कोणीतरी कागदावर दाखवावे लागते. त्या टेबलाशी आपले माणूस आहे काय?

वर्ग सोडणे म्हणजे चळवळ सोडणे, हे मला पटत नाही. बाबासाहेबांनी 1920 साली सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकी सोडली, ती लंडनला अर्थशास्त्र आणि बॅरिस्टरीचा अभ्यास पुरा करण्यासाठी.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. एजंटच्या परीक्षेला पदवी पुरते. तेव्हा प्रबंधाच्या मौखिक परीक्षेची वाट पाहत बसू नका. कायद्याची प्रत आत्ताच आणा, कारण परीक्षकपदाची वयोमर्यादा तासिकांच्या वर्षांत चुपचाप संपते.