चुकीला चूक म्हणण्यावर बंदी नाही

मोबदल्याशिवाय आणि बहुतेकदा एकमेकांना न भेटता एकत्र काम करणाऱ्या माणसांनी आपसात कसे वागावे-बोलावे, याचे लेखी नियम म्हणजे स्वयंसेवी सॉफ्टवेअर समुदायाची आचारसंहिता. लिनक्स, पायथन, डेबियन या प्रकल्पांना ती आहे. मीडियाविकी हे मुक्त सॉफ्टवेअर आणि त्यावर चालणारा विकिपीडिया यांनाही आहे. मराठी विकिपीडिया 1 मे 2003 रोजी सुरू झाला. विकिमीडिया फाउंडेशनने फेब्रुवारी 2021 मध्ये जाहीर केलेली सार्वत्रिक आचारसंहिता त्याच्या चर्चा पानांना, चावडीला (सदस्यांच्या सामाईक चर्चेच्या पानाला) आणि प्रत्यक्ष भरणाऱ्या कार्यशाळांनाही लागू आहे.

या संहितेबद्दल एक समज इतक्या वेळा ऐकू येतो की बाकीचे त्यापुढे किरकोळ वाटावेत. तो असा: आचारसंहिता आली की टीका संपली, कुणाची चूक दाखवायची नाही, सगळ्यांना बरे वाटेल असेच बोलायचे, मग दर्जा घसरला तरी चालेल. संहितेचा मजकूर वाचला तर हा समज टिकत नाही. टीका संवेदनशीलपणे आणि विधायक रीतीने करावी, असे ती सांगते. म्हणजे टीका होणार, हे तिने गृहीतच धरले आहे. मनाई आहे ती अपमान, धमकी, पाठलाग, मुद्दाम डिवचणे आणि दुसऱ्याची खासगी माहिती उघड करणे यांना.

फरक कुठे पडतो ते वेरूळच्या उदाहरणावरून पाहता येईल. कैलास लेणे, म्हणजे सोळावे लेणे, हा अफाट दाव्यांचा आवडता विषय आहे. समजा, एखाद्या नव्या सदस्याने लेखात भर घातली: ‘हे काम माणसाच्या हातून होणे शक्य नाही, ते परग्रहवासीयांनी केले असावे.’ हे वाक्य लेखात राहू शकत नाही, आणि ते काढण्यापासून कोणतीही आचारसंहिता कुणाला अडवत नाही. प्रश्न आहे तो बदल उलटवताना सोबतच्या संपादन-सारांशात काय लिहायचे याचा. एक जण लिहितो, ‘असल्या मूर्खांनी विकिपीडियाची वाट लावली आहे.’ दुसरा लिहितो, ‘विधान काढले, संदर्भ नाही. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याने एलापूर (वेरूळ) येथे मंदिर उभारल्याचा उल्लेख कर्क दुसरा याच्या बडोदा ताम्रपटात (इ.स. 812-13) आहे. वेगळा विश्वसनीय संदर्भ असल्यास चर्चा पानावर द्यावा.’

दोन्ही वेळा वाक्य गेलेच. दाव्यावर जास्त कठोर आहे ती दुसरी नोंद, कारण तिने ताम्रपट पुढे ठेवला आणि पुराव्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर टाकली. पहिल्या नोंदीत दाव्याविरुद्ध एक अक्षरही नाही. तिच्यातून ना त्या सदस्याला काही कळते, ना लेखाचा इतिहास चाळणाऱ्या पुढच्या वाचकाला. शिवी दिली म्हणजे दर्जा राखला, या समजुतीत हीच गफलत आहे. शिवी हा पुरावा नव्हे, आणि ती पुराव्याची जागाही अडवून बसते.

तरीही ‘जगातले सर्वोत्तम सॉफ्टवेअर फटकळ माणसांनीच घडवले’ असा युक्तिवाद होतो, आणि दाखला म्हणून लिनक्सचे जनक लिनस टॉरवल्ड्स यांचे नाव घेतले जाते. हा दाखला अर्धवट आहे. सप्टेंबर 2018 मध्ये खुद्द टॉरवल्ड्स यांनी आपल्या वर्तनाबद्दल जाहीर माफी मागितली, काही आठवडे कामातून रजा घेतली, आणि त्याच सुमारास लिनक्सच्या गाभ्याने, म्हणजे कर्नलने, नवी आचारसंहिता स्वीकारली. त्यानंतर कर्नल कोसळला नाही. साधारण नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघण्याचा क्रम चालूच आहे, आणि निकृष्ट कोड आजही तितक्याच ठामपणे नाकारला जातो. ही संहिता केवळ शोभेची आहे, हा उलट बाजूचा आरोपही खरा नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये बीकॅशएफएस या फाइल-सिस्टिमच्या मुख्य विकासकाचे बदल 6.13 आवृत्तीच्या काळापुरते न स्वीकारण्याचा निर्णय झाला. त्याचे कारण कोडमधला दोष नव्हता, एका सहकाऱ्याला उद्देशून वापरलेली भाषा होती.

मराठीत हा प्रश्न आणखी काही वळणे घेतो. आचारसंहिता म्हणजे सरसकट अहो-जाहो, असे अनेकांना वाटते. तसे कुठेही लिहिलेले नाही. ओळखीतले सदस्य एकमेकांना अरे-तुरे करत असतील तर त्यात कुणाचा अवमान होत नाही. खटकते ते वाद तापल्यावर ‘तुम्ही’वरून अचानक ‘तू’वर उतरणे, आणि ते का खटकते हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. अनोळखी सदस्याशी ‘तुम्ही’ बरे, याला आणखी एक व्यावहारिक कारण आहे. ‘म्हणालास’ की ‘म्हणालीस’ हे ठरवायला समोर पुरुष आहे की स्त्री हे गृहीत धरावे लागते; ‘म्हणालात’मध्ये ती अडचण येत नाही.

शुद्धलेखनाचा मुद्दा अधिक गंभीर आहे. कुणालाही वगळू नये म्हणून विकिमीडियाच्या संहितेने जी यादी दिली आहे, तिच्यात वय, अपंगत्व, धर्म, लिंग यांबरोबर भाषेवरील प्रभुत्वही आहे. खुलताबाद तालुक्यातला एखादा तरुण वेरूळच्या लेखात लेणी मंगळवारी बंद असल्याची भर घालतो. त्याच्या वाक्यात न-ण उलटसुलट झालेले असतात, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नसतो. माहिती मात्र बरोबर आणि वाचकाच्या उपयोगाची असते. त्याचे लेखन दुरुस्त करणे हे संपादकाचे कामच आहे, त्याला कुणाची हरकत नाही. ‘आधी मराठी शिकून या’ हे मात्र संपादन नव्हे. असे वाक्य ऐकलेला माणूस परत यायची शक्यता कमी, आणि गावची माहिती गावातल्याच माणसाकडे असते.

त्याच यादीत जातीचाही स्पष्ट उल्लेख आहे. अमेरिकेतून आलेल्या या नियमांचा इथल्या समाजाशी संबंध काय, असे विचारणाऱ्यांनी तो शब्द जरूर पाहावा. वादाच्या भरात ‘पूर्ण नाव सांगा’ म्हणत आडनावावरून जात हुडकणे ही पद्धत इथल्या प्रत्येकाने पाहिलेली आहे. टोपणनावामागची व्यक्ती, तिचे गाव, तिची नोकरी तिच्या संमतीविना उघड करणे हा संहितेचा सरळ भंग आहे, मग त्या व्यक्तीचे लेखन कितीही चुकीचे असो.

लेखातल्या मजकुरावरचे आक्षेप आचारसंहितेने मिटतात, हाही समज आढळतो. फेब्रुवारी 2025 मध्ये छत्रपती संभाजी महाराजांविषयीच्या मजकुरावरून महाराष्ट्र सायबर विभागाने विकिमीडिया फाउंडेशनला नोटीस पाठवली, तेव्हा हा घोळ ठळकपणे दिसला. एखादे विधान लेखात राहावे की जावे, हे संदर्भांची विश्वसनीयता आणि तटस्थता यांचे नियम ठरवतात. त्या विधानावर भांडताना संपादकांनी एकमेकांशी कसे वागावे, एवढेच आचारसंहिता सांगते.

आचारसंहिता हे अलीकडचे खूळ, असे म्हणणाऱ्यांसाठी: उबुंटूची संहिता त्या प्रकल्पाच्या आरंभीची, म्हणजे 2004 च्या सुमाराची आहे. ‘मास्टर-स्लेव्ह’सारखे शब्द बदलले की जुनी सॉफ्टवेअर बंद पडतात, ही भीतीही निराधार आहे, कारण लिनक्सने जुलै 2020 मध्ये केलेला नियम नव्या वापरापुरता असून जुन्या प्रमाणकांना त्यात सवलत आहे. समुदायातून काढले म्हणजे सॉफ्टवेअर वापरण्याचा हक्क गेला, असेही होत नाही, कारण तो हक्क परवान्यातून येतो आणि आचारसंहिता परवान्याला हात लावत नाही.

‘नियम वरून लादले’ ही तक्रार मात्र पूर्ण खोटी नाही. विकिमीडियाच्या संहितेचा मूळ मजकूर फाउंडेशनच्या विश्वस्त मंडळाने मंजूर केला, त्यावर सदस्यांचे मतदान झाले नव्हते. तिच्या अंमलबजावणीच्या नियमांवर ते झाले. मार्च 2022 मध्ये सुमारे 59 टक्के मते बाजूने पडली, पण आक्षेप इतके होते की मसुदा पुन्हा लिहायला घेतला गेला. जानेवारी 2023 च्या दुसऱ्या मतदानात पाठिंबा सुमारे 76 टक्क्यांवर गेला. आज तक्रार आधी स्थानिक प्रचालकांकडे (ॲडमिनकडे) जाते. स्थानिक व्यवस्था अपुरी पडली किंवा खुद्द प्रचालकाच्या अधिकाराच्या गैरवापराचाच प्रश्न असला, तर सर्व विकिप्रकल्पांसाठी मतदानाने निवडलेल्या समन्वय समितीकडे दाद मागता येते. अधिकाराचा गैरवापर हाही संहितेने स्वतंत्रपणे नोंदवलेला भंग आहे, म्हणजे हे नियम नवख्या सदस्याइतकेच जुन्या प्रचालकालाही बांधतात.