कान तेच, नाव झाकून

"माझ्या कानांनी ऐकलंय, आणखी कसला पुरावा हवा?" महागड्या हेडफोनच्या परीक्षणावर कुणी शंका घेतली की हे उत्तर ठरलेलं. असं म्हणणारा खोटं बोलत नसतो. त्याला फरक खरोखर जाणवलेला असतो. पण तो हेडफोनमुळे जाणवला की किंमत आणि कंपनी ठाऊक असल्यामुळे, हे कानांना सांगता येत नाही. १९९४ मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या हर्मन ऑडिओ कंपनीच्या संशोधकांनी तिथल्याच ४० जणांना चार लाउडस्पीकर ऐकवले, एकदा उघड आणि एकदा पडद्याआड. उघड ऐकताना भारदस्त, महागड्या स्पीकरांना भरघोस गुण मिळाले. पडदा लागल्यावर ती आघाडी बरीच आटली. त्याहून बोलका निष्कर्ष दुसरा होता. स्पीकरची खोलीतली जागा बदलली की आवाज बदलतो. पडद्याआड ऐकणाऱ्यांना तो बदल नीट कळला. स्पीकर समोर दिसत असताना मात्र त्याच लोकांनी दिलेले गुण फारसे हलले नाहीत. म्हणजे नाव माहीत असलं की नसलेलं ऐकू येतं आणि असलेलंही निसटतं.

मला सर्वांत जास्त खटकतो तो दुसरा समज: शास्त्रीय पद्धत आली की आवडीनिवडीला जागा उरत नाही. उलट, परीक्षणांत सतत उल्लेख होतो ती 'हर्मन कर्व्ह', म्हणजे हेडफोनचा आवाज कुठे किती असावा याची आदर्श रेषा, श्रोत्यांची आवड विचारूनच तयार झाली. ही आवड नाव झाकून विचारण्यात अडचण अशी, की हेडफोन डोक्यावर चढवताच वजनावरून आणि गादीवरून ओळखू येतो. म्हणून ऑलिव्ह, टॉड वेल्टी आणि सहकाऱ्यांनी एकाच हेडफोनमधून इक्वलायझरच्या मदतीने वेगवेगळ्या हेडफोनांचे आवाज ऐकवले. पुढच्या अभ्यासांत सुमारे ६४ टक्के श्रोत्यांची पसंती या कर्व्हभोवती आढळली, १५ टक्क्यांना बेस आणखी हवा होता आणि २१ टक्क्यांना कमी. त्यामुळे "मला हा आवडला नाही" हे परीक्षकाचं मत पूर्ण ग्राह्य आहे. फक्त त्याची आवड कोणत्या गटातली, हे वाचकाला कळायला हवं.

फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्सचा, म्हणजे कोणत्या फ्रीक्वेन्सीला आवाज किती याचा, ग्राफ हाती घेणाऱ्यांचाही एक गैरसमज असतो. रेषा सपाट तेवढा हेडफोन अचूक, असं ते मानतात. समोरच्या स्पीकरचा आवाज कानाच्या पडद्यापर्यंत पोचेतो कानाची पाळी आणि नळी त्यातला ३,००० हर्ट्झच्या आसपासचा भाग बराच उचलतात, आणि आपल्याला तसंच ऐकायची सवय असते. कृत्रिम कानात मोजलेल्या चांगल्या हेडफोनच्या ग्राफवरही तिथे उंचवटा दिसायलाच हवा. शिवाय ८-१० हजार हर्ट्झच्या वरचं मोजमाप हेडफोन जरासा सरकला तरी बदलतं. चष्म्याच्या काडीने गादीखाली फट पडली, तर बंद हेडफोनचा बेस उतरतो. ग्राफ खरा असतो, पण तो त्या कृत्रिम कानाचा.

किमतीबद्दल थोडक्यात: येरून ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोनांची मोजमापं तपासली. फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्सचा किमतीशी संबंध आढळला नाही. जास्त पैशांत आराम, मजबुती, सुटे भाग मिळू शकतात. चांगल्या आवाजाची हमी मिळत नाही.

केबल किंवा डॅक (डिजिटल सिग्नलचं अ‍ॅनलॉगमध्ये रूपांतर करणारं यंत्र) बदलताच आवाजावरचा "पडदा सरला" म्हणणाऱ्यांनी आधी आवाजाची पातळी जुळवावी. एक यंत्र किंचित मोठं वाजलं, तर ते मोठं न वाटता चांगलं वाटतं. अशा तुलनेत पातळीतला फरक ०.१ ते ०.२ डेसिबलच्या आत हवा. मग ए-बी-एक्स चाचणी: 'एक्स' म्हणजे 'ए' की 'बी', हे न पाहता ओळखायचं. १० पैकी ७ बरोबर आले की लोक खूश होतात, पण नुसत्या अंदाजानेही एवढं किंवा याहून चांगलं जमण्याची शक्यता १७ टक्के असते. १६ पैकी १२ आले, तर ती ४ टक्क्यांच्या खाली जाते. फूबार२००० या मोफत प्लेयरला अशा चाचणीची जोड मिळते. दोन फाइलींमधला फरक त्यावर घरीच तपासता येतो. परीक्षकाने असा आकडा दिला, तर त्याच्या "पडदा सरला"वर मी जरूर विश्वास ठेवीन.